ज्या भिंतीवर भार नाही: शिकागोच्या सलिव्हन सेंटरची बांधणी आणि निगा

शिकागो शहराचे घरक्रमांक स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकापासून सुरू होतात. 1909 साली शहरानं नवी क्रमांकपद्धत लागू केली आणि हा चौक शून्य ठरला. चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावर, 1 साउथ स्टेट स्ट्रीट या पत्त्यावर, बारा मजल्यांची एक जुनी दुकान-इमारत आहे. आज तिला सलिव्हन सेंटर म्हणतात. त्याआधी शंभरहून जास्त वर्षं लोक तिला तिथल्या दुकानाच्या नावानं कार्सन पिरी स्कॉट म्हणत. आणि बांधली तेव्हा यांतलं कुठलंच नाव तिला नव्हतं. श्लेसिंगर अँड मेयर या कापडचोपडाच्या मोठ्या पेढीनं ती वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्याकडून बांधून घेतली.

समोरच्या फुटपाथवरून पाहिलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो वरचा आणि खालचा फरक. वरचे मजले पांढरेशुभ्र, सरळ रेषांचे, रुंद खिडक्यांच्या ओळीच ओळी. खालचे दोन मजले मात्र गडद हिरवट धातूच्या वेलबुट्टीनं मढवलेले: पानं, वेटोळी, कळ्या, त्यांच्यामधून निघालेली भूमितीची वळणं. अनेक जण म्हणतात की वर आधुनिक आणि खाली जुन्या वळणाचं असे दोन तुकडे इथे जोडलेत. आमच्या मते ते खरं नाही. दोन्ही भाग एकाच गोष्टीमुळे शक्य झाले, ती म्हणजे या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर इमारतीचा भार नाही. आणि पुढे या इमारतीला जी दुखणी लागली, त्यांतली बहुतेक तिथूनच आली.

भार कुठून जातो

विटांच्या जुन्या वाड्यात छताचं वजन भिंतीवर येतं आणि भिंतीतून पायात उतरतं. मजले वाढले की तळाची भिंत जाड करावी लागते. याचं टोक शिकागोतच बघायला मिळतं. मोनॅडनॉक इमारतीचा 1891 सालचा उत्तरेकडचा अर्धा भाग सोळा मजली आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच भार आहे. तळाशी त्या भिंती सहा फूट जाड आहेत. एवढं ओझं शिकागोच्या मऊ चिकणमातीवर ठेवल्यामुळे इमारत पुढे सुमारे वीस इंच खचली. तिचाच दक्षिणेकडचा अर्धा भाग 1893 साली पोलादी सांगाड्यावर उभा राहिला. एकाच इमारतीत दोन युगं शेजारी शेजारी आहेत.

आता दुकानदाराच्या बाजूनं बघा. सहा फूट जाड भिंतीत खिडकी ठेवली तर ती बोगद्यासारखी दिसते. रस्त्यावरून जाणाऱ्याला माल दिसत नाही, आत उजेड पोचत नाही, आणि शहरातली सगळ्यात महाग जागा भिंतीच खाऊन टाकतात.

पोलादी सांगाड्यात वजन मजल्याकडून तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबांतून पायात जातं. बाहेरची भिंत प्रत्येक मजल्याच्या कडेच्या तुळईवर टेकलेली किंवा टांगलेली असते. ती फक्त ऊन, पाऊस, वारा अडवते. म्हणजे ती पांघरूण आहे. पांघरुणाला कितीही मोठं भोक पाडा, घर पडत नाही. त्यामुळे दोन खांबांमधला जवळजवळ सगळा खण काचेला देता येतो.

इथे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि पोलाद यांतला फरक सांगायला हवा, कारण मुंबईकरांना लोखंडी सांगाड्याचं जुनं उदाहरण घरचंच आहे. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, 1860च्या दशकाच्या शेवटी उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, भाग सुटे करून जहाजानं मुंबईत आणला होता. बीड दाब उत्तम सोसतं. ताण आला की मात्र न वाकता एकदम तडकतं. म्हणून बिडाचा खांब चांगला, बिडाची लांब तुळई धोक्याची. पोलाद दाब आणि ताण दोन्ही घेतं आणि तुटण्याआधी वाकून इशारा देतं. शिकागोचे उंच सांगाडे पोलाद स्वस्त आणि भरवशाचं मिळू लागल्यावरच शक्य झाले. सलिव्हन यांनी या दुकानात बीड वापरलं ते भार घ्यायला नाही, नटवायला.

खिडकी आणि कापडाचा रंग

वरच्या मजल्यांवरची खिडकी तिच्या गावाच्या नावानंच प्रसिद्ध आहे: शिकागो खिडकी. मधे एक मोठी, न उघडणारी काच आणि दोन्ही बाजूंना अरुंद, वर-खाली सरकणारी तावदानं. मधली काच उजेडासाठी, बाजूची हवेसाठी. वातानुकूलनाच्या आधीच्या काळात हजारो गिऱ्हाइकांच्या मजल्यावर वारा खेळवायचा तर हीच सोय होती.

उजेडाला एवढं महत्त्व का, हे आपल्याकडच्या साडीच्या दुकानात लगेच कळतं. साडी पसंत पडली तरी गिऱ्हाईक ती दाराशी, उजेडात नेऊन बघतं. गॅसबत्तीच्या आणि सुरुवातीच्या विजेच्या दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात निळा हिरवट दिसतो, पांढरा मळका वाटतो. कापड विकणाऱ्या दुकानाला दिवसाचा उजेड दारातच नव्हे, आतपर्यंत हवा होता. म्हणून रस्त्यालगतच्या प्रदर्शन-खिडक्यांच्या वरच्या पट्टीत साध्या काचेऐवजी लोलकाच्या काचा बसवल्या. त्यांच्या एका अंगाला बारीक त्रिकोणी कंगोरे असतात. वरून तिरपा येणारा प्रकाश त्यांच्यातून वळून आडवा होतो आणि खोलवर जातो. साध्या काचेतून तोच प्रकाश दारापाशीच जमिनीवर पडला असता.

पांढऱ्या दर्शनी भागाजवळ गेलं की आणखी एक गोष्ट दिसते, जी लांबून कधीच कळत नाही. प्रत्येक खिडकी भिंतीत जरा खोल बसवली आहे, आणि त्या खोलीच्या कडेवर, चौकटीला लागून, नाजूक नक्षीची अरुंद पट्टी फिरवली आहे. मजल्यामजल्यांमधून आडव्या धावणाऱ्या पट्ट्याही तशाच कोरीव आहेत. वरचा भाग कोरा आहे असं जे लिहितात त्यांनी तो रस्त्यावरूनच पाहिलेला असतो.

पांढरी माती

हे पांढरं आवरण दगडाचं नाही, भाजलेल्या मातीचं आहे: टेराकोटा, वर पांढरी झिलई. ते निवडण्याची दोन कारणं सरळ आहेत.

पहिलं कारण आग. ऑक्टोबर 1871च्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळाला, सुमारे 300 माणसं गेली आणि एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. त्या आगीनं शहराला शिकवलं की उघडं लोखंड जळत नाही पण मऊ पडतं. पोलाद साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअसला निम्मी ताकद गमावतं आणि मोठी आग याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून सांगाड्याला चहूबाजूंनी भाजलेल्या मातीत गुंडाळायचं. माती एकदा भट्टीतून निघालेलीच असते. तिला दुसऱ्या आगीचं फारसं काही वाटत नाही. दुसरं कारण धूर. दगडी कोळशावर चालणाऱ्या शहरात वालुकाश्म दोन-चार वर्षांत काळा पडायचा. झिलईवर काजळी मुरत नाही, धुतली की जाते.

टेराकोटाचा ठोकळा भरीव नसतो. आतून पोकळ, मधे आडवे पडदे ठेवलेला, मागची बाजू उघडी असा तो डबा असतो. भरीव केला तर भट्टीत वाकतो किंवा फुटतो, आणि वजनही वाढतं. हे डबे लोखंडी आकड्यांनी सांगाड्याला अडकवतात आणि मागे विटांचं भरण करतात. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते; कारागिरांचा जुना हिशोब फुटाला एक इंच, म्हणजे साधारण 8 टक्के. त्यामुळे साचा तेवढा मोठा करावा लागतो. हा हिशोब पुढे दुरुस्तीत लागणार आहे.

बिडाची वेल

1896 साली सलिव्हन यांनी उंच इमारतींवर एक निबंध लिहिला. रूप कायम कामाच्या मागून येतं, हे त्यांचं वाक्य त्यातलं. पुढे त्या वाक्याचा अर्थ ‘नक्षी नको’ असा लावला गेला, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. त्याच निबंधात ते सांगतात की तळमजल्याचं प्रवेशद्वार नजर ओढून घेणारं हवं आणि तो मजला सढळ हातानं सजवावा. वरच्या मजल्याचं काम उजेड देणं. तळमजल्याचं काम घाईत चाललेल्या माणसाला थांबवणं. दोन कामं, दोन रूपं.

थांबवायचं कसं? खिडकीत मांडलेला माल म्हणजे चित्र, आणि बिडाची वेलबुट्टी म्हणजे त्या चित्राची चौकट. कोपऱ्यावर तर इमारतच गोल होते. दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्याला तो गोल बुरूज समोरच दिसतो आणि त्याच्यातच दारं आहेत. लांबलचक दर्शनी भागावर सगळ्या रेषा आडव्या. या गोलावर मात्र बारीक उभ्या रेषा वर चढतात, म्हणून वळण वेगळं उठून दिसतं.

नक्षीची बरीचशी रेखाटनं सलिव्हन यांचे सहकारी जॉर्ज ग्रँट एल्म्स्ली यांच्या हातची आहेत. त्यांवरून क्रिस्टियन श्नायडर यांनी मातीत नमुने घडवले आणि विन्स्लो ब्रदर्स या शिकागोच्या ओतकारखान्यानं ते बिडात ओतले. पद्धत आपल्याकडच्या ओताऱ्यांना अनोळखी नाही. नमुना वाळूत दाबून ठसा घ्यायचा, नमुना काढून घ्यायचा, पोकळीत रस ओतायचा. अवघड भाग असा की पान जिथे खालून आत वळतं तिथे नमुना सरळ वर निघत नाही, वाळू मोडते. मग साच्याचे तुकडे करावे लागतात किंवा पान वेगळं ओतून स्क्रूनं बसवावं लागतं. या इमारतीवरचे थरावर थर असे दिसणारे वेल म्हणूनच अनेक सुट्या तुकड्यांचे जोडकाम आहे.

रंगाचीही एक करामत आहे. आधी तांबडा रंग, त्यावर हिरवा, आणि हिरव्यामधून खालचा तांबडा जागोजागी डोकावेल असा हात मारलेला. लांबून ते जुन्या, हिरवं किट चढलेल्या काशासारखं दिसतं. पुढे यावर करड्या रंगाचे हात चढत गेले आणि बारीक रेषा बुजल्या. 1979 च्या सुमाराला वास्तुविशारद जॉन विंची यांनी कोपऱ्याच्या भागाचं काम केलं तेव्हा थर खरवडून मूळ रंगसंगती पुन्हा आणली.

टप्प्याटप्प्यानं

इमारत एकदम झाली नाही. 1899 साली मॅडिसन रस्त्यावर नऊ मजल्यांचा, तीन खणांचा भाग झाला. 1903-04 मध्ये कोपरा धरून बारा मजल्यांचा मुख्य भाग. याआधीच, वॉबॅश रस्त्यावर उन्नत रेल्वे आली तेव्हा, स्थानकातून थेट दुकानात उतरवणारा पूलही बांधला होता. गिऱ्हाइकाचा पाय चिखलात पडू नये आणि शेजारच्या दुकानाकडे वळू नये, दोन्ही साधलं. 1904 मध्ये मार्शल फील्ड या शिकागोतल्याच दुसऱ्या मोठ्या दुकानातून बाहेर पडलेल्या हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी धंदा विकत घेतला आणि काही महिन्यांतच कार्सन पिरी स्कॉटला विकला. हेच सेल्फ्रिज 1909 मध्ये लंडनला स्वतःच्या नावाचं दुकान उघडतात. 1906 मध्ये वास्तुविशारद डॅनियल बर्नम यांच्या कचेरीनं स्टेट रस्त्यावर पाच खण वाढवले, ते सलिव्हन यांचाच नमुना गिरवून. 1960-61 मध्ये होलाबर्ड अँड रूट या वास्तुविशारदांच्या पेढीनं आणखी तीन जोडले. सांगाड्याची इमारत अशी खणाखणानं वाढवता येते, हे तिचं मोठं बळ.

सलिव्हन यांना मात्र यानंतर एवढं मोठं व्यापारी काम मिळालं नाही. 1924 साली ते शिकागोतच, हलाखीत वारले.

पाणी कुठे शिरतं

आता दुखण्याकडे. टेराकोटाची झिलई पाणी आत घेत नाही, पण दोन ठोकळ्यांमधली दरज घेते. चुन्या-सिमेंटची भर वीस-तीस वर्षांत झिजते, केसाएवढी भेग पडते आणि वाऱ्याचा पाऊस आत ढकलला जातो. आत गेलेलं पाणी झिलईतून बाहेर येऊ शकत नाही. ते पोकळ डब्यात साठतं, आकड्यांना लागतं आणि शेवटी सांगाड्याला पोचतं. गंजलेल्या लोखंडाची जागा मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते. आतून रेटा बसला की ठोकळा तडकतो. शिकागोच्या हिवाळ्यात साठलेलं पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं आणि झिलईचे पोपडे उडवतं.

दुसरी भानगड तापमानाची. हिवाळा आणि उन्हाळा यांत तिथे 60 अंशांचा फरक सहज पडतो. आतला सांगाडा तापवलेल्या इमारतीत असतो, फारसा हलत नाही. बाहेरचं मातीचं कवच 30 मीटर उंचीला साधारण 9 मिलिमीटर कमी-जास्त होतं. शिवाय भाजलेली माती ओलावा घेत वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते. जुन्या बांधकामात मजल्यागणिक ही हालचाल जिरवणारी मऊ दरज नसे. मग ज्या भिंतीवर भार नाही असं आपण म्हणतो, तिच्यावरच न सांगता भार चढतो आणि ठोकळ्यांच्या कडा चुरतात.

कार्निस, म्हणजे माथ्यावरचा छज्जा, सगळ्यात आधी धोक्यात येतो, कारण तो बाहेर झुकलेला आणि वरून भिजणारा. या इमारतीचा मूळ छज्जा 1948 मध्ये काढून टाकला आणि जागी साधा कठडा बांधला. बाराव्या मजल्यावरच्या खिडक्या आत ढकलून पुढे सज्जासारखी सावली ठेवलेली होती, तीही गेली. इमारतीचं डोकंच कापल्यासारखं झालं. हे दोन्ही 2006 मध्ये मूळ नमुन्यानुसार परत केलं.

दुरुस्ती करताना

अशा कामाचा क्रम साधारण असा असतो. आधी वरून टांगलेल्या पाळण्यातून प्रत्येक ठोकळ्यापर्यंत जायचं आणि लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं. धड ठोकळा खणखणतो, आतून सुटलेला भदभदतो. प्रत्येकाला क्रमांक, छायाचित्र, नकाशावर खूण. मग पाण्याची वाट शोधायची. छपराचा सांधा, पन्हळ, दरज. वाट बंद केल्याशिवाय नवा ठोकळा बसवला तर दहा वर्षांत तोही फुटतो.

तुटलेला ठोकळा काढल्यावर मागचं पोलाद घासून उघडं करायचं, जस्तयुक्त प्रायमर द्यायचा, गंजलेल्या आकड्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे आकडे लावायचे. दरजा भरताना मिश्रण ठोकळ्यापेक्षा मऊ हवं. घट्ट सिमेंट भरलं तर हालचाल झाली की दरज न तुटता ठोकळा तुटतो. सगळ्यात घातक उपाय म्हणजे पूर्ण दर्शनी भागावर पाणीबंद लेप मारणं: आतलं पाणी कायमचं कोंडतं.

नवा ठोकळा जुन्यावरून साचा काढून केला तर तो 8 टक्के लहान येतो. 24 इंचांचा भाग भट्टीतून 22 इंचांचा निघेल, आणि दोन इंचांची फट कुठल्याही भरीनं झाकत नाही. बिडाचं आक्रसणं कमी, फुटाला अष्टमांश इंच. तरी चार फुटांच्या नक्षीपट्टीत अर्धा इंच जातो आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत. म्हणून मूळ तुकड्यावर भर घालून किंवा नव्यानं मोठा नमुना कोरूनच ओतकाम करावं लागतं.

बिडाचा जुना रंग काढताना दोन गोष्टी पाळाव्यात. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा धूळ बंदिस्त करून, मुखवटे लावूनच काम. आणि साफ झालेलं बीड त्याच दिवशी, काही तासांत प्रायमरखाली गेलं पाहिजे. रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस झाक येते आणि वरचा रंग टिकत नाही. मागची बाजूही रंगवायची, कारण गंज बहुतेक वेळा तिकडूनच सुरू होतो. हलकं म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं पान ओतून बिडाला थेट चिकटवू नये. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांतला एक झिजतो. मधे वॉशर किंवा पट्टी हवीच.

दुकान गेलं, इमारत राहिली

सलिव्हन यांच्या कामांच्या नशिबी हे सुख नेहमी आलं नाही. गॅरिक नाट्यगृह 1961 मध्ये पाडलं. 1972 मध्ये शिकागो स्टॉक एक्स्चेंजची इमारत पाडली जात असताना तिची नक्षी वाचवायला आत गेलेले छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखाली दगावले. त्याच इमारतीचं सौदेदालन नंतर विंची यांनी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभं केलं. हे दुकान वाचलं त्याची दोन कारणं दिसतात: 1970 मध्ये शहरानं आणि 1975 मध्ये देशानं त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, आणि तेव्हा ते चालतं दुकान होतं.

कार्सन पिरी स्कॉटचं इथलं दुकान 2007 मध्ये बंद पडलं. पण सलग, भिंती नसलेले मजले कुठल्याही कामाला लागतात. वर कचेऱ्या आल्या, कलाशाळेचे वर्ग आले, आणि 2012 मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीनं खालच्या दोन मजल्यांवर दुकान उघडलं.

तिथे जाणं झालं तर आधी स्टेट रस्ता ओलांडून समोर उभं राहावं आणि कोपऱ्यापासून दक्षिणेकडे खण मोजावेत: सात सलिव्हन यांचे, पुढचे पाच बर्नम यांच्या कचेरीचे, शेवटचे तीन 1961चे. त्या तिघांची उंची आठच मजले आहे, त्यामुळे शेवट लगेच सापडतो. मग परत येऊन कोपऱ्याच्या दाराशी थांबावं आणि वरची वेल नीट बघावी. पानांच्या गुंत्यात एल, एच, एस ही तीन अक्षरं ओतलेली आहेत: लुई हेन्री सलिव्हन.